बांधकाम साहित्याचे पुरवठादार आणि पर्यावरण : ठाणे–नवी मुंबईतून सतत येणारे प्रश्न

ठाण्यात रिडेव्हलपमेंटची लाट आल्यापासून सोसायट्यांच्या कमिट्या, छोटे कॉन्ट्रॅक्टर आणि अधूनमधून खुद्द सप्लायरही मला मेसेज करतात. साइटच्या खरेदीत माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे प्रश्न ओळखीचेच असतात. तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल; दुसरीकडे बघायची गरज असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दर मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते महिन्याला हलतात.

१. पुरवठादारांबरोबर पर्यावरणाचं काम म्हणजे नेमकं काय करायचं? झाडं लावायची का?

झाडं जरूर लावा, तो विषय वेगळा. इमारतीपायी होणारा धूर, धूळ आणि डोंगरांची खोदाई यातलं बरंचसं तुमच्या कंपाउंडच्या बाहेर घडतं: सिमेंटच्या भट्टीत, खडीच्या खाणीत, लोखंडाच्या कारखान्यात आणि मधल्या रस्त्यांवर. तिथे तुमचा सुपरवायझर नसतो, पुरवठादार असतो. म्हणून तुमच्या हाताशी तीनच जागा उरतात. ऑर्डरवर काय लिहिता, गाडी गेटवर आल्यावर काय तपासता आणि बिल कधी देता. तिसरं ऐकून लोक हसतात. त्याचं उत्तर प्रश्न १४ मध्ये आहे.

२. आम्ही तर सोसायटी. माल बिल्डर घेतो. आमच्या हातात काय आहे?

डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटला जोडलेलं स्पेसिफिकेशनचं परिशिष्ट. सभासद त्यात टाइल्सचा ब्रँड आणि नळाची कंपनी बघतात, सिमेंटच्या ओळीवरून नजर फिरवतात. तिथे सहसा 'नामांकित कंपनीचं सिमेंट' एवढंच असतं. त्याऐवजी सिमेंटचा प्रकार, काँक्रीटच्या मिक्स डिझाइनची (कोणता घटक किती, त्या हिशेबाची) प्रत, डेब्रिज (पाडकामाचा मलबा) कुठे जाणार आणि सोसायटीच्या पीएमसीला (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराला) चलान बघायचा हक्क, अशा चार गोष्टी लिहून घ्या. सही झाल्यावर या अटी आत घालता येत नाहीत. बिल्डर नाही म्हणतो आणि त्याचं चूक नसतं, कारण त्याने रेट त्यावरच काढलेला असतो.

छोट्या दुरुस्तीत 'विथ मटेरियल' काम देत असाल तर हीच यादी वर्क ऑर्डरला जोडा. लेबर रेटवर काम असेल तर प्रश्नच नाही, माल तुम्हीच घेताय.

३. शंभर प्रकारचा माल लागतो. सुरुवात कशापासून करायची?

सिमेंट आणि लोखंड. आरसीसी इमारतीच्या साहित्यातला बहुतेक कार्बन, म्हणजे माल बनताना निघालेला कार्बन डायऑक्साइड, या दोघांत असतो. मोठ्या काचा आणि ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग असेल तर तेही यादीत येतात. बांबूचं फर्निचर आणि रिसायकल कागदावरचं ब्रोशर यांच्यावर मीटिंग घालवू नका. मी अशा मीटिंगांना बसलोय.

दुसरं एक गणित लक्षात ठेवा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २० टन खडी भरलेला डंपर ४० किलोमीटरवरून आला आणि रिकामा परत गेला, तर ढोबळमानाने २३ लिटर डिझेल जातं, म्हणजे टनामागे ३ किलोच्या आसपास. खडी फोडायलाही टनामागे असाच काही किलोंचा खर्च. म्हणजे खाण दुप्पट लांब गेली की खडीचा हिशेब लगेच वाढतो. सिमेंटचं उलटं आहे. एक टन ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड, म्हणजे साधं सिमेंट) बनवतानाच ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ते साडेतीनशे किलोमीटरवरून ट्रकने आणलं तरी त्यात २५–३० किलोंची भर पडते. म्हणून खडी, वाळू, ब्लॉक, मुरूम घेताना अंतर विचारा. सिमेंट, लोखंड, ॲल्युमिनियम, काच घेताना ते कसं बनलं ते विचारा. 'लोकल माल म्हणजे पर्यावरणपूरक' हे वाक्य पहिल्या गटाला लागू पडतं, दुसऱ्याला फारसं नाही.

४. ओपीसी, पीपीसी, पीएससी: यातलं कोणतं घ्यायचं?

आपल्या पट्ट्यात, म्हणजे खाडीच्या हवेत, माझं मत स्लॅग सिमेंटकडे झुकतं.

सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर. तो बनवताना चुनखडी भाजतात आणि त्या भाजण्यातच दगडातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोळसा बदलून सौर वीज आणली तरी दगडातून निघणारा वायू निघणारच. त्यामुळे खरा उपाय एकच, गोणीतलं क्लिंकर कमी करणं. ओपीसीत ते ९० टक्क्यांच्या वर असतं. पीपीसीत आयएस १४८९ (आयएस म्हणजे भारतीय मानक) प्रमाणे १५ ते ३५ टक्के राख असते. पीएससीत आयएस ४५५ प्रमाणे २५ ते ७० टक्के स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी. राख आणि स्लॅग दोन्ही दुसऱ्या कारखान्यांचे टाकाऊ पदार्थ, आणि दोन्ही आपल्या जवळ आहेत. डहाणू आणि नाशिकजवळचं एकलहरे इथे औष्णिक वीज केंद्रं आहेत, तर पेण तालुक्यातल्या डोलवीला पोलाद कारखाना आणि त्याच्या स्लॅगवर चालणारं सिमेंटचं युनिट आहे. ऐरोलीत काम करणाऱ्याला स्लॅग म्हणजे जवळपास शेजारचा माल. क्लिंकर मात्र चंद्रपूर किंवा कर्नाटकातल्या वाडीकडच्या चुनखडीतून येतं.

दुसरं कारण टिकाऊपणाचं. वाशी–नेरूळच्या जुन्या इमारतींत स्लॅबचा पापुद्रा सुटून गंजलेल्या सळ्या दिसतात, त्यामागे खारी हवा आणि पातळ कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) ही नेहमीची जोडी असते. स्लॅगचं काँक्रीट घट्ट असतं, क्लोराइड (खाऱ्या हवेतलं मीठ) आत शिरायला वेळ लागतो. इमारत तीस वर्षांत पाडावी लागली तर पहिल्या वेळचा सगळा कार्बन पुन्हा मोजायचा, हे कुठल्याही सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं.

आकड्यात सांगायचं तर एका घनमीटर काँक्रीटमध्ये ४०० किलो ओपीसी असेल तर साधारण ३५० किलो कार्बन डायऑक्साइड धरा. त्यातलं अर्धं काढून स्लॅग पावडर घातली तर आकडा दोनशेच्या खाली येतो.

५. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पीपीसी किंवा स्लॅगने स्लॅब उशिरा पक्का होतो, सेंट्रिंग अडकून पडतं. खरं आहे का?

खरं आहे, आणि त्याला 'पर्यावरणविरोधी' ठरवून काही मिळत नाही. सेंट्रिंगचं भाडं तो दिवसावर भरतो. राख आणि स्लॅग सुरुवातीला हळू ताकद पकडतात. आयएस ४५६ मध्ये सपोर्ट काढायचे जे दिवस दिले आहेत (साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस) ते ओपीसी धरून आहेत, दुसऱ्या सिमेंटला ते बदलावे लागतात. मिवानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यांच्या) फॉर्मवर आठवड्याला मजला टाकणाऱ्या साइटवर हा वाद रोजचा.

माझा उपाय साधा आहे. घाई नसलेले भाग वेगळे काढा. पायातले पाइल आणि राफ्ट, बेसमेंटच्या रिटेनिंग भिंती यांच्यावर लगेच कोणी पुढचा मजला टाकत नाही. तिथे स्लॅगचं प्रमाण मोकळ्या हाताने वाढवा. जाड राफ्टमध्ये तर त्याचा फायदाच, आतली उष्णता कमी राहते, तडे कमी जातात. स्लॅबसाठी ओपीसीचं प्रमाण थोडं जास्त ठेवा, चांगलं ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) वापरा आणि टेकू तारखेवर नाही तर साइटवरच्या क्यूबच्या (काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्यांच्या) निकालावर काढा. ज्या भागावर उशिरा भार येतो तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला २८ ऐवजी ५६ दिवसांच्या ताकदीवर डिझाइन करता येईल का, तेही विचारा. हा निर्णय त्यांचाच.

आणि क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं. ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाच दिवसांत पाणी बंद करणाऱ्या साइटने पीपीसीला नावं ठेवू नयेत. पावसाळ्यात तर 'पाऊस करतोय की क्युअरिंग' म्हणून माणूसच लावत नाहीत, आणि मधले चार दिवस कडक ऊन पडतं.

६. आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटला नेमकं काय विचारायचं?

मिक्स डिझाइनमध्ये सिमेंट किती, राख किती, स्लॅग किती, हे आकडे घनमीटरमागे किलोमध्ये मागा. 'एम ३०' एवढं पुरत नाही. एकाच ग्रेडच्या दोन प्लांटच्या मिक्समध्ये ओपीसी १०० किलोंनी कमीजास्त असू शकतं. मग प्रत्येक गाडीबरोबर बॅच रिपोर्ट घ्या आणि आठवड्यातून दोनदा तो मिक्स डिझाइनशी जुळवा. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची आरएमसी प्लांटसाठी सर्टिफिकेशन योजना आहे, ती घेतलेला प्लांट असेल तर निम्मं काम हलकं होतं.

एक सापळा. पीपीसी वापरणारा प्लांट वरून आणखी राख घालतो का, ते विचारा. राख मोजून घालायची ती ओपीसीत. पीपीसीत आधीच किती आहे हे नक्की धरता येत नाही, त्यावर आणखी टाकली की प्रमाण हातातून जातं. कार्बन कमी दिसेल, क्यूब नापास होतील.

उरलेलं काँक्रीट हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. आयएस ४९२६ प्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट उतरायला हवं. घोडबंदर रोडला संध्याकाळी अडकलेली मिक्सर ते कसं पाळणार? गाडी नाकारली जाते आणि सहा घनमीटर काँक्रीट कुठेतरी ओतलं जातं, बहुतेक वेळा नाल्याच्या कडेला. म्हणून प्लांटला विचारा की परत आलेल्या मालाचं काय करता? चांगल्या प्लांटकडे खडी–वाळू धुऊन वेगळी काढायचं यंत्र असतं, किंवा निदान साचे असतात, ज्यात ते कर्ब आणि पेव्हर ओततात. तुमच्या बाजूने शेवटच्या गाडीची ऑर्डर मोजून द्या. 'एक घनमीटर जास्तच सांग' ही सुपरवायझरची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

७. नदीची वाळू, खाडीची वाळू की क्रश सँड?

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत ती रीतसर मान्य आहे, आणि राज्य सरकारने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर करून तिच्यावरची रॉयल्टी ब्रासला (१०० घनफुटांना) ६०० ऐवजी २०० रुपये केली.

मुंब्र्याच्या रेतीबंदरकडून निघणारी खाडीची वाळू जुन्या मिस्त्रींना अजून आवडते. हाताला छान लागते म्हणतात. तिच्यात मीठ असतं, आणि आरसीसीमध्ये क्लोराइडची मर्यादा घनमीटरमागे ०.६ किलो आहे. न धुतलेली खाडीची वाळू ती सहज ओलांडते. खाडीचा तळ उपसल्याने किनारा आणि मासेमारीचं होणारं नुकसान वेगळंच.

क्रश सँड घेताना दगडाची पूड बघा. ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यावर गेली की पाणी जास्त लागतं आणि मग सिमेंटही. वॉश सँड घेत असाल तर धुण्याचं पाणी कुठे जातं ते जाऊन बघा. टाकीत गाळ बसवून तेच पाणी पुन्हा फिरवणारे क्रशर आहेत, आणि पांढरा गाळ सरळ ओढ्यात सोडणारेही. ओढ्याच्या रंगावरून कळतं.

८. खाण आणि क्रशर कायदेशीर आहे हे आम्ही कसं ओळखायचं?

गेटवर तीन कागद: राज्य सरकारच्या महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक परवाना, वजनकाट्याची पावती आणि चलान. परवान्यावरचा गाडी नंबर, वेळ आणि ब्रास समोरच्या गाडीशी जुळले पाहिजेत. एकाच पासवर दिवसभरात तीन फेऱ्या मारणं ही जुनी युक्ती. रॉयल्टी न भरलेला माल साइटवर सापडला तर तहसीलदारांची नोटीस तुमच्याही दारात येते.

वर्षातून एकदा खाणीवर जा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, पर्यावरण मंजुरी, पाणी मारणारे फवारे चालू आहेत का, कन्व्हेअर झाकलेले आहेत का. फोन न करता गेलात तर फवाऱ्यांबद्दल जास्त कळतं. पारसिकच्या डोंगराचे लचके ट्रेनमधून रोज दिसतात, त्यामुळे हा मुद्दा इथल्या माणसाला समजावावा लागत नाही.

९. जालन्याची सळई चांगली की मोठ्या पोलाद कंपनीची?

पर्यावरणाच्या अंगाने, 'कुठली' यापेक्षा 'कशापासून' हे विचारा. मोठे कारखाने लोहखनिज आणि कोक वापरून ब्लास्ट फर्नेसमध्ये पोलाद करतात, त्यात कार्बन जास्त. जालन्याचे बहुतेक कारखाने भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड) विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात. भंगाराचा वाटा मोठा असेल तर कार्बन बराच कमी पडतो. पण स्पंज आयर्न कोळशावर बनलेलं असेल आणि वीजही कोळशाची, तर फायदा वितळून जातो.

आता मोजपट्टीही आहे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली: एक टन पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल तर हरित, १.६ टनांच्या खाली पाच तारे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात व्यापाऱ्याला हे विचारलं तर आज तो तुमच्याकडे बघत बसेल. तरी विचारा. पाचव्या गिऱ्हाइकाने विचारलं की तो मिलला फोन लावतो.

गुणवत्तेत तडजोड नको. आयएस १७८६, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि त्यावरचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक) बंडलच्या टॅगशी जुळलेला. आणि कटिंगचं वेळापत्रक नीट करा. वाया जाणारे तुकडे कमी करणं हीच सगळ्यात स्वस्त हरित सळई.

१०. लाल वीट, राखेची वीट की एएसी ब्लॉक?

उंच इमारतीला एएसी, म्हणजे हलके सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. वजन विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं, त्यामुळे खालच्या सगळ्या आरसीसीवरचा भार उतरतो. वाहतुकीत आणि साइटवर फुटतात, म्हणून पुरवठादाराशी तुटफुटीची टक्केवारी आणि तुकडे परत नेण्याचं आधी ठरवा. राखेची वीट दोन–तीन मजल्यांच्या कामाला उत्तम. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत राखेचा वापर करायचा नियमच आहे, आणि अख्खं ठाणे त्यात बसतं.

लाल विटेत शेताची वरची माती जाते, भट्टीचा धूर होतो. शहापूर–भिवंडीकडच्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर येणाऱ्या कातकरी कुटुंबांचा प्रश्नही आहे: आगाऊ उचल, आणि त्यापायी मुलांची बुडालेली शाळा. तो कार्बनच्या तक्त्यात बसत नाही. मी तरी भट्टीवाल्याला विचारतो.

११. रंग, प्लाय, इंटिरियरचं काय?

थोडक्यात: रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, ती पाळल्याचं डब्यावर लिहिलेलं असावं, बंद फ्लॅटमध्ये कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) रंग घ्या, प्लायला फॉर्मल्डिहाइडच्या उत्सर्जनाचा ई-१ किंवा ई-० अहवाल मागा. डबे आणि कार्टन परत नेण्याची अट दुकानदार मान्य करतात, फक्त सांगावं लागतं.

१२. पाडकामवाला म्हणतो, 'राबिट (डेब्रिज) मी नेतो, तुम्ही काळजी करू नका.' काळजी करायची का?

करायचीच. दारं, खिडक्या, लोखंड, जुनं सागवान याची किंमत धरून तो उलट तुम्हाला पैसे देतो, आणि ज्याला भाव नाही ते राबिट रात्रीच्या डंपरमध्ये जातं. कुठे, हे ठाणे खाडीच्या कांदळवनाच्या कडेने चालत गेलात तर दिसेल. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. तिथे टाकलेल्या डेब्रिजची केस दंडावर मिटत नाही.

२०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त डेब्रिज काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड–लाकूड–प्लास्टिक आणि विटा–गिलावा असं वेगळं करून महापालिकेला आराखडा द्यायचा असतो. चार मजली इमारत पाडताना तुम्ही त्यात सहज बसता. त्यानंतर २०२५ चे नवे नियम आले, ते १ एप्रिल २०२६ पासून २०१६ च्या नियमांची जागा घेतात. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पुनर्वापराची जबाबदारी थेट घ्यावी लागते.

पाडकामाच्या करारात तीन वाक्यं घाला. डेब्रिज महापालिकेने नेमून दिलेल्या जागीच जाईल. प्रत्येक फेरीची तिथली पावती मिळेल. शेवटचा हप्ता पावत्यांची बेरीज जुळल्यावर. जागा कोणती, ते महापालिकेच्या घनकचरा विभागाकडून लेखी घ्या. शिळफाट्याजवळ डायघरला प्रक्रिया केंद्र आहे हे ऐकून लोक गाडी थेट पाठवतात, पण ते मुंबई महापालिकेने मुंबईच्या डेब्रिजसाठी उभारलेलं आहे.

१३. डेब्रिजपासून बनवलेली खडी आमच्या नव्या इमारतीत वापरता येईल?

येईल, जागा बघून. आयएस ३८३ : २०१६ प्रमाणे निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी एम २५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम १५ खालच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण वापरता येते. विटा–गिलावा मिसळलेली असेल तर फक्त लीन काँक्रीट. गंमत अशी की खाडीकाठच्या आरसीसीला आयएस ४५६ किमान एम ३० सांगतो, म्हणजे इथल्या स्लॅब–कॉलममध्ये ती जवळपास बाद. पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), कंपाउंडचा रस्ता, पेव्हर, भराव यात भरपूर खपते. तिथेच वापरा.

१४. आम्ही वर्षाला दोन–तीन छोटी कामं करतो. आमच्या अटी कोण ऐकणार?

सिमेंट कंपनी ऐकणार नाही. क्रशरवाला, आरएमसी प्लांट, ब्लॉकवाला, पाडकामवाला ऐकेल, कारण त्याचं गिऱ्हाईक तुमच्यासारखंच आहे. पण त्याच्या जागी जरा उभं राहून बघा.

काही वर्षांपूर्वी घोडबंदरच्या एका साइटसाठी मी एका क्रशरवाल्याला ताडपत्री बांधूनच गाड्या पाठव, ओव्हरलोड करू नको, असं पत्र दिलं. छापील, सही–शिक्क्याचं. तो ते घेऊन ऑफिसात आला, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, साडेचार महिन्यांची बाकी आहे. ती द्या, मग ताडपत्रीचं बोलू." बोलायला मला तोंड नव्हतं. उधारीवर अडकलेला माणूस डिझेल वाचवायला गाडी ठासून भरतो, स्वस्त दगड शोधतो, पासवर फेऱ्या मारतो. आम्ही पैसे तीस दिवसांवर आणले. पुढच्या महिन्यात ताडपत्र्या आल्या, आणि रेटही थोडा उतरला.

त्यामुळे माझ्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पर्यावरणाच्या अटी आणि पेमेंटची तारीख एकाच पानावर असतात. अटी पाचच्या वर नेऊ नका. पहिल्या महिन्यात एकच पक्की पाळायला सांगा, पुढची नंतर. शेजारच्या दोन–तीन कॉन्ट्रॅक्टरांनी मिळून एकाच प्लांटला ऑर्डर दिली तर ऐकण्याचं प्रमाण आणखी वाढतं.

१५. वेळेवर पैसे द्यायला कायदाही आहे म्हणे?

आहे. एमएसएमई कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, आणि आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच धरला जातो. मेख अशी, की क्रशर, ब्लॉक कारखाना यात येतात. नुसती खरेदी–विक्री करणारा व्यापारी उद्यम नोंदणी असूनही या संरक्षणात येत नाही.

१६. आम्हीच पुरवठादार. एका मोठ्या डेव्हलपरने ऐंशी प्रश्नांचा फॉर्म पाठवलाय. भरायलाच हवा का?

शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीच्या नियमाने पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो, आणि आता विचारणा त्यांच्या पुरवठादारांपर्यंत सरकते आहे. त्यामुळे फॉर्म थांबणार नाहीत. कन्सल्टंट नेमण्याआधी एक वही करा: महिन्याचं वीजबिल, डिझेलचे लिटर, पाण्याचे टँकर, विकलेला माल टनांत. बहुतेक उत्तरं याच चार आकड्यांतून निघतात. जे मोजलेलं नाही तिथे 'मोजलेलं नाही' लिहा. अंदाजाने ठोकलेला आकडा पुढच्या वर्षी तुम्हालाच पुरा करावा लागतो.

१७. गोणीवर, ब्लॉकवर 'ग्रीन', 'इको' छापलेलं असतं. किती विश्वास ठेवायचा?

शब्दावर शून्य, कागदावर बराच. त्रयस्थाने तपासलेली पर्यावरणीय उत्पादन घोषणा, म्हणजे ईपीडी, असेल तर कार्बनचा आकडा त्यात असतो. तिची मुदत आणि कारखान्याचं नाव बघा. एका कारखान्याची ईपीडी दुसऱ्याच्या मालाला लागत नाही. सीआयआय या उद्योगसंघटनेचं ग्रीनप्रो लेबल आणि 'गृह' या हरित इमारत मानांकनाची यादीही कामाची. ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत: असा दावा केला तर पुरावा दाखवता आला पाहिजे. पुरावा मागणं हा उद्धटपणा नव्हे.

१८. या सगळ्याने खर्च वाढतो का? आणि एफएसआय खरंच जास्त मिळतो?

पीपीसी आणि पीएससी सहसा ओपीसीपेक्षा स्वस्तच. मोजून ऑर्डर, कमी तुकडे, जवळची खडी, यात पैसे वाचतात. वाढतात ते डेब्रिजच्या रीतसर विल्हेवाटीवर, कमी व्हीओसीच्या रंगावर, आणि सेंट्रिंग जास्त दिवस राहिलं तर (प्रश्न ५).

एफएसआय मिळतो. युडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) 'गृह' किंवा आयजीबीसीच्या हरित इमारत मानांकनाप्रमाणे मूळ एफएसआयवर ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहन आहे. बिल्डरने तो घेतला असेल तर कागद सोसायटीने बघावेत, कारण त्या मानांकनाचे गुण बऱ्याच अंशी वर लिहिलेल्या मालावरच मिळालेले असतात.

१९. अट मोडून माल आला तर गाडी परत पाठवायची का? परत पाठवण्यातही डिझेल जळतंच ना.

हा प्रश्न एका नेरूळच्या वाचकाने विचारला आणि मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

ताकदीशी संबंध असेल, म्हणजे काँक्रीटची वेळ उलटलेली, खारी वाळू, हीट नंबर न जुळणारी सळई, तर परत. डिझेलचा विचार करू नका. पास नसलेली गाडी गेटच्या आतच घेऊ नका. बाकी बाबतीत मी माल उतरवून घेतो. पीएससी सांगितलं होतं आणि पीपीसी आलं, तर चलानवर लाल पेनाने लिहून ड्रायव्हरची सही घेतो, त्या गोण्या गिलाव्याला वळवतो आणि बिलातून ठरलेली रक्कम कापतो. ताडपत्री नसेल तर पहिल्यांदा फोटो आणि फोन, दुसऱ्यांदा त्या फेरीचं भाडं कमी, तिसऱ्यांदा गाडी बाहेर. हे तिन्ही टप्पे पीओवर आधीच छापलेले असले की भांडण होत नाही. ड्रायव्हर मात्र यात मध्ये सापडतो. त्याला पहाटे चारला खाणीतून काढलेलं असतं, सकाळची नो-एंट्री लागायच्या आत पोचायचं असतं, आणि ताडपत्री मालकाने दिलेली नसते. म्हणून आम्ही गेटवर दोन जादा ताडपत्र्या ठेवतो आणि परत जाताना मालकाच्या नावावर लिहून देतो.